‘गूगलवर लिहिलंय, मग खरंच असणार ना!’

तिसरी-चौथीतल्या मुलांचे आईबाबा हल्ली एक तक्रार हमखास घेऊन येतात. ‘मॅडम, हा नेटवर दिसेल ते खरं मानतो. याला खरं-खोटं कधी कळायला लागणार?’ ऐरोलीहून ओजसची (नाव बदललं आहे) आई ठाण्याला माझ्याकडे आली, तीही हेच विचारायला. फक्त त्यांच्या घरी प्रकरण जरा पुढे गेलं होतं.

ओजस चौथीत. शाळेनं ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर प्रकल्प करायला सांगितला होता. ओजसनं आईच्या मोबाइलवर शोधून लिहिलं, की फ्लेमिंगोची पिल्लं जन्मतःच गुलाबी असतात. बाईंनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. ‘बाई, तुमचंच चुकतंय, गूगलवर लिहिलंय,’ असं हा भर वर्गात म्हणाला. मुलं हसली, स्वारी रडत घरी आली. रात्री बाबा समजूत काढायला गेले आणि म्हणाले, ‘अरे, नेटवर सगळं खोटंच असतं.’ झालं! तेव्हापासून ओजसचा कशावरच विश्वास नाही. परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडायला सांगितलं, तर म्हणे, ‘तेही कुणीतरी छापलेलंच आहे ना?’

‘वयाच्या मानानं मागे आहे का हो हा?’ आईनं हळूच विचारलं.

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं एक पान आहे, 1998 पासून नेटवर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या दमट जंगलांत हा प्राणी राहतो, नामशेष होत चाललाय, त्याला वाचवा, असं त्यावर फोटोंसकट लिहिलंय. सगळी निव्वळ थट्टा. आईनं दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाली, ‘अगंबाई, असा पण असतो का?’ ती बँकेत काम करते, रोज दहा कागद तपासून सह्या करते. 2006 च्या सुमारास कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच पान सातवीतल्या 25 मुलांना दाखवलं होतं, तीही नेटवर वाचण्यात तरबेज म्हणून निवडलेली. जवळजवळ सगळी फसली. तेव्हा नऊ वर्षांचं पोर फसलं, तर ते मागे नाही.

मला जास्त काळजी बाबांच्या वाक्याची वाटत होती. ‘सगळं खोटं’ हे ‘सगळं खरं’ इतकंच आळशी उत्तर आहे. दोन्हीत मुलाला डोकं चालवावं लागत नाही.

ओजस आत आल्यावर मी नेटचा विषयच काढला नाही. वर्गात थापा कोण मारतं, एवढंच विचारलं. त्याची कळी खुलली. एका मित्राच्या काकांकडे म्हणे खरा वाघ आहे. ‘मग तू मानलंस?’ ‘छे! तो कायम फेकतो. आणि त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, मांजर आहे.’ म्हणजे सांगणारा कोण ते बघायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, ही अक्कल त्याच्याकडे होतीच. माणसांबाबत वापरत होता, पडद्याबाबत नाही.

मग आम्ही ते गुलाबी पिल्लांचं पान काढलं. ‘हे कोण सांगतंय ते शोध बघू,’ म्हटलं. त्यानं वर-खाली बघितलं, नाव कुठेच नाही. बोटानं पान वर सरकवत सरकवत तो तळाशी पोचला आणि थबकला. तिथे गुलाबी फुगे होते, कागदी फ्लेमिंगोंची माळ होती, खाली ‘कार्टमध्ये टाका’चं बटण. वाढदिवसाच्या सजावटीचं दुकान होतं ते! ‘यांना पिल्लांचं काय माहीत?’ ओजस खो खो हसला. मग नव्या टॅबमध्ये आम्ही दोन प्राणिसंग्रहालयांची पानं काढली. पिल्लं करडी-पांढरी असतात आणि गुलाबी रंग पुढे शेवाळ, कोळंबीसारख्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे चढतो, असं दोन्हीकडे होतं. बाई बरोबर होत्या, हे त्यानं जरा नाइलाजानंच कबूल केलं.

घरी पालक शिकवतात ते बहुधा उलटं असतं: साइटच्या पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्ह बघ, शुद्धलेखन बघ, पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे का बघ. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं कुणी वाचू शकत नाही. साइटवाला खरं बोलतोय, असा नाही. डॉट ऑर्ग कुणालाही विकत मिळतं. डॉट गव्ह डॉट इन मात्र फक्त सरकारी खात्यांना मिळतं, एवढं लहान मुलांना जरूर सांगावं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये 45 जणांना साइट तपासायला बसवलं होतं. त्यात पीएचडी झालेले इतिहासकारही देखणे लोगो बघून चकले. तथ्य पडताळणं हाच ज्यांचा धंदा, ते मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत, झटकन बाहेर पडून इतर लोक त्या साइटबद्दल काय म्हणतात ते बघून आले. चौथीतल्या मुलाला ही सवय लावता येते. फार तर शेजारी बसून टाइप करून द्यावं लागतं.

आता शोधलं की सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर येतं, त्याचं काय, असं आईनं विचारलं. तिथेही तोच प्रश्न: कोण सांगतंय? शेजारच्या दुव्यावर जाऊन बघायचं. दुवाच नसेल, तर ते उत्तर प्रकल्पात उतरवायचं नाही, असा नियम घरात करून टाका, म्हटलं.

आणखी एक सुचवलं. 2015 मध्ये अभयारण्य झालेली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली ठाणे खाडी यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ऐरोलीत वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रही आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. मंडळी एका रविवारी गेली. चिखलात गुलाबी थव्याच्या कडेला काही मळकट करडे पक्षी उभे होते. ‘ती लहान आहेत,’ बोटीवरचे दादा म्हणाले. ओजसनं लगेच विचारलं, ‘तुम्हाला कसं माहीत?’ आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा मात्र खूश झाले, दुर्बीण त्याच्या हातात देऊन पंखांचा, चोचीचा रंग दाखवत बसले.

पुढच्या भेटीत आईची तक्रार बदलली होती. आजोबांनी फॅमिली ग्रुपवर ‘युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा जुनापुराणा फॉरवर्ड टाकला, आणि ओजस सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आजोबा, हे खोटं आहे.’ खोटं होतंच, युनेस्कोनं असलं काही जाहीर केलेलं नाही. पण आजोबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मी ओजसला म्हटलं, ‘खोटं आहे’ म्हणायचं नाही, ‘आजोबा, हे कुणी पाठवलं? आपण दोघं शोधू या का?’ असं विचारायचं. त्यानं तसं विचारून बघितलं. आजोबा म्हणाले, आधी चष्मा आण.