शंभर पुस्तकांच्या संकल्पाबद्दल

पुणे, 2 जुलै

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जानेवारीत शंभर पुस्तकांचा संकल्प केलास, निम्मं वर्ष सरलं आणि आकडा 38 वर अडकला. वाचनाची नोंद ठेवणारं ते गुडरीड्स अ‍ॅप उघडलं की बारा पुस्तकं मागे असल्याचं दिसतं, आणि आता नवं पुस्तक हातात घेतानाच धाकधूक होते, असं लिहितेस. शेवटी विचारलंयस, वेग कसा वाढवू? वेगाबद्दल मी काही सांगणार नाही. हा संकल्प मोड आणि दुसरा कर, एवढंच माझं म्हणणं. का आणि कसा, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. शंभर पुस्तकं, सरासरी दोनशे पानांची धरली तर वीस हजार पानं. म्हणजे रोज 55 पानं, एकही दिवस खाडा न करता. मराठी कादंबरीचं एक पान नीट वाचायला दोन मिनिटं लागतात असं धर (तुझा वेग वेगळा असेल; कादंबरी, वैचारिक लेखन आणि जुन्या वळणाचं गद्य अशी तीन पुस्तकं अर्धा अर्धा तास वाचून एकदा मोजून बघ, तिन्हींत बराच फरक निघेल). म्हणजे रोज जवळजवळ दोन तास. नोकरी, डोंबिवलीची लोकल, घर, आणि वर पुस्तकांवर लिहिणं, हे सांभाळून रोज दोन तास सलग वर्षभर काढणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण त्यांना बहुधा लिहायचं नसतं.

आकडा गाठायचा म्हटला की माणूस काय करतो, ते तुझ्याच यादीत दिसतं. जूनमधल्या अकरा पुस्तकांपैकी नऊ दीडशे पानांच्या आतली आहेत. बारीक पुस्तकं वाईट असतात असं मी म्हणत नाही. मराठीतल्या काही उत्तम कादंबऱ्या शंभर-सव्वाशे पानांतच संपतात. पण ही नऊ पुस्तकं तू जाडी बघून निवडलीस, हे उघड आहे. त्यात तीन कवितासंग्रह एका आठवड्यात! कवितासंग्रह तासाभरात 'संपतो', मान्य. पण त्यावर तू जे लिहिलंस त्यात एकाही कवितेबद्दल धड वाक्य नाही. साधा वाचक आकड्यामागे धावला तर नुकसान त्याचं एकट्याचं. तू लिहितेस, म्हणून तुझ्या बाबतीत आकडा पुस्तक निवडतो, ते पुस्तक लेख ठरवतं आणि तो लेख वाचून चार जण पैसे खर्च करतात.

याउलट फेब्रुवारीत तू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रावर लिहिलेलं आठव. त्या पुस्तकाला तुला तीन आठवडे लागले होते आणि त्या महिन्यात तुझी यादी जेमतेम चारवर थांबली होती. या वर्षातलं तुझं सर्वांत चांगलं लेखन तेच.

म्हणून पहिली गोष्ट: पुस्तकं मोजणं सोड, वेळ ठरव. परतीच्या लोकलमध्ये तुला बसायला मिळतं, तो पाऊण तास तुझा. रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास. पाच दिवसांचा प्रवास आणि सातही रात्री धरल्या तर आठवड्याला सव्वासात तास होतात. दोन मिनिटांच्या मापाने दोनशेपेक्षा जास्त पानं. वर्षाला पन्नासेक पुस्तकं झाली की! त्यातून पावसाळ्यात बंद पडणारी लोकल, लग्नसराई, गणपती, आजारपण आणि लिहिण्यात जाणाऱ्या रात्री वजा कर, चाळीस उरतील. चाळीस पुस्तकं वाचून त्यांतल्या पंधरांवर मन लावून लिहिलंस तर कुणीही तुला कमी वाचणारी म्हणणार नाही. गुडरीड्सवरचं वार्षिक उद्दिष्ट वर्षात केव्हाही बदलता येतं. आज रात्रीच ते चाळीस कर. पानांचं किंवा तासांचंच उद्दिष्ट हवं असेल तर द स्टोरीग्राफवर तशी सोय आहे. अ‍ॅप कोणतं वापरायचं याला मात्र मी फार महत्त्व देत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. वर्षाचा संकल्प विषयाचा असावा. 'या वर्षी मला अमुक समजून घ्यायचंय' असं एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांवर लिहिताना तू सहज म्हणून गेलीस की बायका स्वतःबद्दल लिहितात तेव्हा नवऱ्याबद्दल किती लिहितात, हे मोजायला हवं. अगं, हाच तुझा वर्षाचा विषय! रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 च्या. 'स्मृतिचित्रे'चे भाग 1934 पासून आले. मग हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 मध्ये, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 मध्ये, सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 मध्ये. ऐंशी वर्षं आणि पाच बायका: एक न्यायमूर्तींची पत्नी, एक कवीची, एक सिनेनटी, एक आंबेडकरी चळवळीतली कार्यकर्ती, एक नामवंत लेखकाची बायको. ही पाच पुस्तकं ओळीने वाचलीस तर प्रत्येक पुढचं पुस्तक आधीच्याशी भांडतं. रमाबाई नवऱ्याचं नाव किती जपून घेतात आणि सुनीताबाई कसा लेखाजोखा मांडतात, हे शेजारी शेजारी ठेवून बघ. बेबीताईंकडे आलीस की पहिल्या दोघींच्या घरातलं काय काय तू गृहीत धरून चालली होतीस, ते ध्यानात येईल. असे पाच लेख लिहिलेल्या माणसाला सहावा काय लिहू, हा प्रश्न पडत नाही.

चाळीसपैकी दहा-बारा पुस्तकं विषयाची ठेव. बाकीची मनाला येतील ती. सगळंच वाचन विषयाला जुंपलंस तर सप्टेंबरपर्यंत कंटाळशील. रहस्यकथा वाच, भाषांतरं वाच, आधी वाचलेलं पुन्हा वाच, आणि पुन्हा वाचलेलं पुस्तक यादीत बिनदिक्कत धर.

जुनी पुस्तकं विकत मिळतीलच असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे आणि तुला ते लोकलच्या वाटेवर आहे; सभासद हो. वर्गणी आणि अनामत भरलीस की आणखी एक फायदा होईल: पुस्तक परत करायची तारीख. अ‍ॅपवरच्या आठवणीकडे दुर्लक्ष करता येतं. पण देवघेवीच्या टेबलामागचे गृहस्थ चष्म्यावरून बघतात तेव्हा करता येत नाही.

आता नोंदीविषयी. चार्ल्स डार्विनने 1838 ते 1860 एवढी वर्षं वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी, वाचलेल्यांची वेगळी. पुस्तक नुसतं चाळलं असेल तर चाळलं असंच लिहिलेलं, निकस वाटलं तर तसंही. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. तुझ्या यादीत सगळी पुस्तकं एकतर 'पूर्ण' आहेत किंवा नाहीतच. पूर्ण, चाळलं, सोडलं, अडलं अशी चार अक्षरं ठरव: पू, चा, सो, अ. सोडलेल्या पुस्तकापुढे पान क्रमांक आणि कारण लिही. 'पान 64, संवाद सगळे एकाच आवाजातले' ही एक ओळ पुढे कधीतरी अख्ख्या लेखाचं बी ठरते.

वही कागदाची असावी असा माझा आग्रह नाही, पण तुझ्या ताब्यात असावी. मराठी पुस्तकांच्या बाबतीत अ‍ॅपवर पूर्ण विसंबू नकोस. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांकच नाहीत, एकच पुस्तक कुठे देवनागरीत तर कुठे रोमन लिपीत नोंदलेलं, पानसंख्या दुसऱ्याच आवृत्तीची. म्हणून आवृत्ती आणि प्रकाशक स्वतः लिहून ठेव. उतारा देताना पान क्रमांक दिलास आणि वाचकाकडे वेगळी आवृत्ती निघाली, की तुझ्या नोंदीवरून त्याला सांगता येतं. जुन्या प्रतीवर नुसतं शके छापलेलं असेल तर 78 मिळव, साधारण इसवी सन येतं. पुस्तक तुझ्यापर्यंत कसं आलं, तेही लिही: कुणी सांगितलं, कुठे उल्लेख दिसला, प्रकाशकाने पाठवलं. डिसेंबरमध्ये तो एक रकाना वाचून बघ. निम्मी पुस्तकं प्रकाशकाने पाठवलेली निघाली, तर वर्षभर तू कुणाच्या यादीतून वाचत होतीस ते कळेल.

प्रकाशकाच्या पुस्तकांवरून आठवलं. अभिप्रायार्थ येणारी प्रत म्हणजे कर्ज नव्हे. आपल्या मासिकांनी यावर फार चांगला तोडगा काढलेला आहे: 'साभार पोच'. पुस्तक आलं, नाव, लेखक, पानं, किंमत एवढी नोंद छापली, संपलं. परीक्षण येईल न येईल. तूही महिन्याअखेरीस तशी यादी देत जा. पाठवणाऱ्याचा मान राहतो, तुझी मान मोकळी राहते. आणि यादीत न वाचलेल्या पुस्तकाबद्दल एकही विशेषण नको. 'वाचनीय दिसतंय' असंसुद्धा नको.

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर लिहायचंच, हा तुझा नियमही काढून टाक. त्याऐवजी एवढं कर: पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत दहा ओळी स्वतःसाठी लिही. त्या कुणाला दाखवायच्या नाहीत. ज्याच्या दहा ओळींच्या तीस झाल्या, त्यावर लेख. ज्याच्या चारच सुचल्या, ते पुस्तक वाचलंस तेवढं पुरे.

आणि वर्ष जानेवारीतच सुरू झालं पाहिजे असं कुणी सांगितलं? आपल्याकडे दिवाळीच्या आसपास दिवाळी अंकांचा गठ्ठा घरात येतो. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनची ही रीत. एकेका अंकात दोन-अडीचशे पानं, कथा, कविता, लेख, कधी अख्खी कादंबरी; आणि तुझ्या आकड्यात त्याला जागा नाही, कारण ते पुस्तक नव्हे. गेल्या वर्षी डिसेंबर गाठायच्या धांदलीत तू एकही अंक धड वाचला नाहीस, हे तूच सांगितलंस. तेव्हा तुझं वाचनवर्ष पाडव्यापासून धर. बलिप्रतिपदेला जुन्या वहीचा हिशेब मिटवायचा, नवी उघडायची. व्यापारी करतात तसं. पहिला महिना अंकांचा, त्यात जे नवे लेखक आवडतील त्यांची पुस्तकं पुढच्या अकरा महिन्यांत. तू आत्ता जुलैत आहेस. दिवाळीपर्यंत पाच आत्मकथनांपैकी उरलेली चार होतील, जास्त काही धरू नकोस.

राहिला प्रश्न तुझ्या वाचकांना काय सांगायचं याचा. संकल्प जाहीर केला होतास, तर बदलही जाहीर कर, तीन वाक्यांत: शंभरचा संकल्प सोडला, या विषयावर वाचते आहे, पहिला लेख ऑगस्टमध्ये. माफी नको आणि वाचनाच्या थकव्यावर लांबलचक निबंध तर अजिबात नको. चार जण 'किती झाली?' विचारतीलच, त्यांना सध्या कोणतं चालू आहे ते सांग.

रमाबाईंपासून सुरुवात कर, पुस्तक फार मोठं नाही. लेखाचा कच्चा खर्डा झाला की पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
मावशी

ता. क. अर्धवट टाकलेल्या त्या सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल विचारलं होतंस. दीडशे पानांनंतरही नायक घोड्यावरून उतरलेला नसेल, तर 'सो' लिही आणि तुझ्या आईला दे. तिला अशा आवडतात.