एक कोयता म्हणजे किती माणसं

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चहा घेताना. राग तुझा नाही आला, त्या एका वाक्याचा आला: ‘मॅडम, फॉरेन्सिकमधली दोन वर्षं वाया गेली म्हणायची का?’ फॉरेन्सिक सोडून तू अर्थशास्त्रात पीएच.डी.ला आलीस, म्हणून हा प्रश्न. मग पुढे, गाइड म्हणतात ऊसतोडीच्या फडात कशाला जातेस, पीएलएफएसचा, म्हणजे सरकारच्या श्रमशक्ती पाहणीचा, युनिट-लेव्हल डेटा डाउनलोड कर, स्टेटा हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकून घे, वर्षात दोन पेपर होतील. आणि तू मला विचारतेस, काय करू.

डेटा घे की. फुकट मिळतो, चांगला असतो. पण तो घेण्याआधी एक सांग, त्यातली पहिली नोंद कोणी लिहिली? कोणाला विचारून लिहिली? दाराशी कोण उभं होतं आणि आत कोण होतं? हे न विचारता तू रिग्रेशन चालवणार असशील, तर मग मात्र तुझी फॉरेन्सिकची दोन वर्षं खरंच वाया गेली.

मुद्देमाल सील कसा करायचा हे तुला शिकवलंय. लाखेचं सील, नमुना सील, पाकिटावर कोणाची सही, कोणाकडून कोणाकडे गेलं, पंच कोण होते. साखळीतली एक कडी तुटली की वकील अख्खा अहवाल उडवतो, हे तुला पाठ आहे. आमच्या अर्थशास्त्रात ही सवय कोणाला नाही गं. आम्ही फाइल उघडतो ती थेट आकड्यांवर. पाकिटावर कोणाची सही आहे हे बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. त्याकडे येतेच.

आधी हाइलब्रॉनची गोष्ट. तुला ती वर्गात कापसाच्या बोळ्यांची गंमत म्हणून सांगितली असेल. २००७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या या गावात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवर एका बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए १९९३ सालच्या एका खुनापासून किरकोळ घरफोड्यांपर्यंत चाळीसेक ठिकाणी निघाला, जर्मनीत, ऑस्ट्रियात, फ्रान्समध्ये. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. वर्षानुवर्षं पोलीस या बाईच्या मागे. मग २००९ मध्ये एका जळालेल्या प्रेताची ओळख पटवायची म्हणून आश्रय मागणाऱ्या एका माणसाचा जुना अर्ज काढला. अर्जावरच्या ठशांतून डीएनए घेतला, तर तो पुन्हा त्याच बाईचा! अर्ज पुरुषाचा आणि डीएनए बाईचा. तेव्हा कुठे कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. पोलीस ज्या कापसाच्या बोळ्यांनी डीएनए टिपून घेत, ते बोळे ज्या कारखान्यात तयार होत तिथे काम करणाऱ्या बाईचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक केलेले होते, पण त्या प्रक्रियेत जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो.

तू ही गोष्ट फॉरेन्सिकची म्हणून ऐकलीस. मला ती श्रमाची वाटते. एवढी अक्कल पणाला लावणाऱ्या लोकांपैकी एकालाही बरीच वर्षं हा प्रश्न पडला नाही की हा बोळा आपल्या हातात येण्याआधी कोणाच्या हातात होता. हातानं काम करणारी बाई त्यांच्या हिशेबात नव्हतीच. ती आली ती थेट खुनी म्हणून.

आता पीएलएफएस. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. यावर पेपरांचा पाऊस पडलाय आणि तुझे गाइड म्हणतात तसा तुझाही एक पडेल. पण यातली बरीच वाढ ग्रामीण आहे आणि स्वतःच्या शेतीत-धंद्यात राबणाऱ्यांची आहे. म्हणजे सगळं लटकतंय प्रगणक प्रत्येकाच्या कामापुढे लिहितो त्या कोडवर. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी बाई २१, नुसतं घरकाम करणारी ९२, घरकाम करून सरपण-चारा आणणारी ९३. तीच बाई, तीच म्हैस, तोच दिवस. २१ लिहिलं तर ती कामगार, ९३ लिहिलं तर नाही. आणि हे ठरतं ओट्यावर, प्रगणकानं प्रश्न कसा टाकला आणि ‘ती? ती घरीच असते’ असं कोण म्हणालं यावर. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, प्रश्नावलीवर माहिती देणारा घरातला कितवा सदस्य, याचा रकाना असतो. किती प्रबंधांत त्याचा उल्लेख वाचलास? मी हाताच्या बोटांवर मोजते.

ही काळजी आपल्याकडे कोणी केलीच नाही असंही नाही. महालनोबिसांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करताना एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायची पद्धत बसवली. दोघींचे आकडे जुळले नाहीत की कळायचं, चूक शेतात नाही, मोजणाऱ्यात आहे. आजच्या डेटातही सब-सॅम्पलचा, म्हणजे नोंद कोणत्या उपनमुन्यातली याचा, रकाना आहे. आम्ही तो वगळून पुढे जातो.

आता माझं. १९९१-९२ च्या हंगामात मी नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर पीएच.डी.साठी गेले. बीडकडच्या टोळ्या, डोकी सेंटर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. दिवसभर माणसं फडात, म्हणून मी संध्याकाळी कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर, जायची. बाप्ये बाजेवर बसलेले असत, बायका चुलीपाशी. मी बाजेपाशी स्टूल घेऊन बसायची आणि विचारायची: उचल किती घेतली, टनाला काय भाव, दिवसाला किती टन पडतो, खाडा किती झाला. मुकादमाची वही दोन दिवस माझ्याकडे होती. तिच्यात नावं पुरुषांची आणि नावापुढे ‘१ को.’ मी कोयते मोजले, दिवसाच्या कमाईला कोयत्यांनी भागलं आणि तक्ता केला: प्रति कामगार सरासरी दैनिक मिळकत. रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा बरी निघाली. मार्गदर्शक खूश. व्हायव्हात त्या तक्त्याचं कौतुक झालं.

कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको पाचट सोलून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, हे मला माहीत होतं. ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. तरी भागाकार करताना मी एकानं भागलं, कारण वहीत नाव एक होतं.

प्रबंध मंजूर झाल्यावरच्या हंगामात मी पेढे घेऊन गेले. पहाटे तीन-साडेतीन असतील, गाडी भरायची होती, एक बाई भाकरी थापत होती. मी सहज शेजारी बसले. मला वाटतं त्या कोपीत चुलीपाशी बसायची ती माझी पहिलीच वेळ. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘मागल्या साली तुम्ही आमच्या मालकाला इचारलं रोज किती पडतो. मग माझा कुठं लिवला?’ चिडून नव्हे हं. तिला खरंच वाटत होतं की कुठेतरी दुसऱ्या पानावर असेल.

मी बाई असून. हे मी अजून स्वतःला ऐकवते.

मग लगेच दुरुस्ती छापली का? नाही. वर्ष-दोन वर्षांत मुलाखत होती, कायम व्हायचं होतं, घरात मीच कमावती. तू म्हणशील ही कारणं झाली. आहेतच कारणं, पण तुझ्या वयाला ती जितकी पोकळ वाटतात तितकी ती नसतात. शिवाय नंतर मी कमी भरपाई केली का? न पाहिलेल्या डेटावर एकाही पेपरला नाव दिलं नाही. प्रोफेसर झाले नाही, माझ्यानंतरचे तिघं झाले. कमिटीवर लोक मला ‘पहिली नोंद बाई’ म्हणत, मला माहीत आहे. असू दे. अकरा वर्षांनी दुरुस्ती लिहिली तेव्हा ज्या नियतकालिकात तो तक्ता आला होता ते बंद पडलेलं. आणि माझा आकडा? तो अजून फिरतोय. परवा एका प्रबंधात संदर्भासकट भेटला.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. फड म्हणजे पवित्र आणि डेटासेट म्हणजे पाप, असंही माझं म्हणणं नाही. माझी चूक फडातच झाली ना. पुण्यात बसून पीएलएफएस चालवणारा एखादा, ज्यानं माहिती देणाऱ्याचा रकाना बघितला, तो त्या वर्षीच्या माझ्यापेक्षा चांगला संशोधक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा कोणत्या मुकादमाच्या वहीत मिळाला असता? बायकांना गाठून विचारलं म्हणून तो आहे.

पेपरच्या घाईचं म्हणशील, तर यूजीसीनं २०२२ मध्ये प्रबंधाआधीच्या शोधनिबंधाची सक्ती काढली. तुझ्या विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घे आणि गाइडशी भांडू नकोस. त्यांना डेटाचं एक प्रकरण दे. त्यात २१ आणि ९३ ची चिरफाड कर, तुझ्याइतकी ती कोणाला जमणार नाही. उरलेलं फडात कर. ‘वाया गेली का’ हे मात्र परत लिहू नकोस, मी उत्तर देणार नाही.

गळीत दिवाळीच्या आसपास सुरू होईल. पहिल्या आठवड्यात जाऊ नकोस, कोप्या उभ्या राहू देत. संध्याकाळी तर अजिबात नको. प्रश्नावलीत ‘माहिती कोणी दिली’ आणि ‘तेव्हा आणखी कोण हजर होतं’ हे दोन रकाने सगळ्यात वर घे. आणि मुकादमाची वही हाती लागली तर आधी पान न पान फोटो काढ. मी नाही काढले.

जाण्याआधी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, मागच्या कपाटात खालचा कप्पा. चौथ्या प्रकरणातल्या तक्त्याशेजारी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘१ को. = २ माणसं. सगळे आकडे निम्मे करावेत.’ प्रबंध खराब केला म्हणून ग्रंथपालांनी मला झापलं होतं. पुसलं गेलं असेल तर पुन्हा लिही, त्यांच्या नजरेआड. शोधगंगावर, प्रबंधांच्या त्या ऑनलाइन संग्रहावर, चढवलेली प्रत विद्यापीठातली आहे, तिच्यात पेन्सिल नाही.

तुझी,
मॅडम