बाळाचे नाव ठरलेले नाही, विम्यात नोंद कशी करावी?

प्रश्न : २२ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात माझी व पत्नीची नावे आहेत. मुलीचे नाव अजून ठरलेले नाही आणि जन्मदाखलाही हाती आलेला नाही. नोंदणीसाठी थांबलो तर चालेल का?

उत्तर : कृपया थांबू नका. लग्न, अपत्यजन्म, दत्तक अशा घटनांनंतर गट विम्यात वर्षाच्या मध्येच बदल करण्याची मुभा असते. मात्र तिला मुदत असते, बऱ्याच योजनांत ती ३० दिवसांची असते आणि सहसा घटनेच्या तारखेपासून मोजली जाते, दाखला मिळाल्यापासून नव्हे. ती उलटली की बहुधा पुढील नूतनीकरणापर्यंत वाट पाहावी लागते. नावाच्या रकान्यात ‘अमुक यांची कन्या’ असे लिहून, रुग्णालयाचे जन्मपत्र किंवा डिस्चार्ज कार्ड जोडून अर्ज आजच मनुष्यबळ विभागाकडे ईमेलने पाठवावा, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. नाव मागाहून दुरुस्त करता येते. केवळ तोंडी सांगून समाधान मानू नका, कारण विमा कंपनीपर्यंत पोहोचते ती लेखी यादी. अद्ययावत ई-कार्ड (विम्याचे डिजिटल ओळखपत्र) हाती आल्यावर त्यावरील जन्मतारीख अंक न् अंक तपासावी. संरक्षण जन्मदिवसापासून लागू होणार की नोंदणीच्या दिवसापासून, हेही लेखी विचारून घ्यावे. नवजात बालकाच्या बाबतीत हा फरक फार महागात पडू शकतो. हप्त्यातील वाढ पगारातून कापली जाणार असेल, तर पुढील वेतनपत्रकात ती दिसते का, हे पाहावे.