खोबऱ्याचं वाटण फुटतं कशाने?

प्रश्न : बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) वाटण घातलं की रस फुटतो, पाणी वेगळं होतं. तिरफळं (माशांच्या कालवणातला कोकणी मसाला) घातली तर कडवटपणा येतो. काय चुकतं? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : आच मोठी होते आहे. खळखळून उकळलं की ओल्या खोबऱ्यातली चरबी सुटते आणि चोथा खाली बसतो. चार बांगड्यांना एक वाटी ओलं खोबरं, गरम पाण्यात भिजवलेल्या 6-7 बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद आणि अर्धा तास भिजवलेले चमचाभर तांदूळ घ्या. तांदळाने रस धरून राहतो. पाणी थोडं थोडं घालत गंधासारखं वाटा. बोटांना कण लागला तर अजून फिरवा. रसाला मंद आचेवर कडेने बुडबुडे आले की मासे सोडा, वर 4-5 आमसुलं. बांगडा सात-आठ मिनिटांत शिजतो. मग ढवळायचं नाही, भांडं फक्त हलवायचं.

तिरफळं वाटणात कधीच नकोत! सुकी 6-7 घ्या, आतली काळी बी काढून टाका (कडवटपणा बहुधा तिचाच), सालं जरा ठेचून माशांबरोबर घाला.

उरलेलं वाटण फ्रीझरमध्येच ठेवा. बाहेर ते संध्याकाळपर्यंत आंबतं.