ताब्याची मध्यस्थी : फाईल घरी ठेवा, वेळापत्रक न्या

प्रश्न : सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आहे. तिच्या ताब्याचं प्रकरण कुटुंब न्यायालयाने मध्यस्थीकडे पाठवलंय. नवऱ्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, पावत्या अशी जाडजूड फाईल तयार आहे. आणखी काय नेऊ?

उत्तर : स्क्रीनशॉट घरीच राहू द्या. मध्यस्थ निकाल देत नाही, त्यामुळे कोण खरं नि कोण खोटं हे तिथे ठरत नाही. पुरावे मांडत बसलात तर वेळ संपतो आणि पुढची तारीख घेऊन परत यावं लागतं.

त्याऐवजी एका कागदावर मुलीचा आठवडा लिहून न्या. शाळा किती वाजता सुटते, आणायला कोण जातं, क्लास कुठल्या वारी, परीक्षा कधी. वडिलांकडे ती कधी राहू शकते तेही त्यातच तुम्ही भरा : दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, मोठ्या सुट्ट्या निम्म्या-निम्म्या, मधल्या वारी व्हिडिओ कॉल. ही झाली पसंतीची योजना. नाइलाजाने चालेल अशी दुसरीही ठरवून ठेवा, पण ती आधीच बोलून दाखवू नका. पावत्यांपैकी फी आणि दवाखान्याच्या खर्चाची बेरीज पुरे.

माझा अनुभव असा, की ताब्यावर एकमत होतं आणि बोलणी फिसकटतात ती आणणं-सोडणं कुणी करायचं यावर. सासूबाईंनी दारात यायचं नाही, ह्यांच्या मैत्रिणीने गाडीत बसायचं नाही! अशा अटींतली कुठली खरोखर मुलीसाठी आहे आणि कुठली रागापोटी, हे घरीच ठरवून जा.

प्रश्न : तिथे मी एखादी गोष्ट मान्य केली आणि तडजोड फिसकटली, तर समोरचे वकील ती कोर्टात वापरतील का? (एक वडील)

उत्तर : नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. सर्वोच्च न्यायालयाने मोती राम विरुद्ध अशोक कुमार (२०१०) या प्रकरणात स्पष्ट केलंय, की मध्यस्थाने तडजोड झाली तर तडजोडनामा पाठवायचा, नाहीतर मध्यस्थी यशस्वी झाली नाही एवढंच कळवायचं. बाहेर येऊन व्हॉट्सअॅपवर मात्र तेच लिहू नका, त्याला हे संरक्षण नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच जातं म्हणतात. मग मी मध्यस्थीला जाऊन उपयोग काय?

उत्तर : १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये असं मूल 'सामान्यतः' आईकडे असावं, असं आहे. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सर्वोपरी मानतं. पाच पूर्ण झाली की मूल आपोआप वडिलांकडे येतं, हाही गैरसमजच. ताबा आईकडे राहिला तरी भेटी, मुक्काम, शाळेचे निर्णय हे सगळं बोलायचं बाकी असतंच, आणि तुमच्यासाठी तेच मोलाचं आहे. जरूर जा.

प्रश्न : मुलीला काय बोलायचं ते शिकवून ठेवू का?

उत्तर : अजिबात नको. पढवलेलं मूल दोन वाक्यांत ओळखू येतं.

प्रश्न : नवऱ्यासमोर बसायची मला भीती वाटते. घाबरून सही केली तर?

उत्तर : मारहाण झाली असेल तर मध्यस्थाला पहिल्याच भेटीत सांगा आणि स्वतंत्र बैठक मागा. समोरासमोर बसलंच पाहिजे असं नाही. तडजोड ऐच्छिक असते; 'वकिलांना दाखवून सही करते' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मसुद्यात 'सोयीनुसार भेट' असं दिसलं तर खोडायला लावा, वार आणि वेळ लिहून घ्या. हिंदू विवाह कायद्याखालचं प्रकरण असेल, तर परिस्थिती बदलल्यावर कलम २६ खाली ताब्याच्या अटी बदलून मागता येतात. पण त्यासाठी नवा अर्ज, नव्या तारखा आल्या, म्हणून मसुदा आत्ताच नीट वाचून घ्या.