डीजेचं सॉफ्टवेअर घरी सेराटो आणि क्लबात रेकॉर्डबॉक्स, तर गाण्यांची लायब्ररी एकच कशी ठेवायची?

आधी सगळी गाणी एकाच फोल्डरमध्ये आणा आणि मग ते फोल्डर अजिबात हलवू नका, कारण ही सगळी सॉफ्टवेअरं गाणं त्याच्या पत्त्यावरून ओळखतात, जागा बदलली की रेकॉर्डबॉक्समध्ये गाण्यापुढे उद्गारचिन्ह येतं आणि मग रिलोकेट करत, म्हणजे गाण्याची नवी जागा दाखवत बसा.

दुसरं म्हणजे जॉनर, कमेंट, वर्ष ही माहिती फाईलच्या टॅगमध्येच (फाईलसोबत साठणाऱ्या माहितीत) भरा, टॅग भरायचं एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे, त्यात शंभर गाणी एकदम सिलेक्ट करून कमेंटमध्ये 'वरात' किंवा 'हळद' टाकता येतं आणि ते सगळीकडे दिसतं. वेव्ह फाईलींचा मात्र टॅगच्या बाबतीत भरवसा नाही, त्यापेक्षा एआयएफएफ प्रकारची फाईल बरी.

खरी डोकेदुखी क्यू पॉइंटची, म्हणजे गाण्यात ठराविक जागी लावलेल्या खुणांची. सेराटो ते गाण्याच्या फाईलमध्येच लिहितो, रेकॉर्डबॉक्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि ट्रॅक्टर या तिसऱ्या डीजे सॉफ्टवेअरची वेगळीच एनएमएल फाईल, त्यामुळे नुसती गाणी कॉपी करून क्यू जात नाहीत. त्यासाठी लेक्सिकॉनसारखं कन्व्हर्टर लागतं. पण ट्रॅक्टर आणि रेकॉर्डबॉक्समध्ये काही एमपी३ना क्यू साधारण २६ मिलिसेकंद सरकतात, ऐकायला किरकोळ वाटतं पण बीटग्रिड (गाण्यावरची ठेक्यांची आखणी) बोंबलते, म्हणून दोन-चार गाणी झूम करून बघाच.

माझं म्हणाल तर क्यू एकाच ठिकाणी लावायचे, दुसरीकडे फक्त कन्व्हर्ट करायचं, दोन्हीकडे हात घातला की घोळ झालाच. आणि कन्व्हर्ट करायच्या आधी बॅकअप, तोही दुसऱ्या ड्राइव्हवर.