वाळूजहून कॅलगरीला येणाऱ्याला

तुझा प्रश्न दोन ओळींचा: वाळूजच्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, क्वालिटीत आठ वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे, कॅनडात कॅलगरीला याच धंद्यात काम मिळेल का, आणि तिथे एकटं वाटतं का? दादा म्हणालास म्हणून एकेरीत लिहितो. कॅनडात स्थायिक व्हायला पॉइंट किती लागतात, फी किती, बँकेत पैसे किती दाखवायचे हे सरकारी साइटवर आहे, ते तिथेच बघ. मीही वाळूजचाच, ब्रूइंगला शिफ्ट इनचार्ज. आईला मात्र शेवटपर्यंत 'फूड कंपनी' असंच सांगितलं.

इथे आलो तेव्हा इंगलवूडमध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर जुन्या ब्रुअरीच्या दगडी इमारती दिसल्या. कॅलगरी ब्रूइंग अँड मॉल्टिंग. १९९४ लाच बंद पडलेली, पण मी कुंपणापाशी उभा राहून वर्टचा, म्हणजे बिअर आंबवण्याआधीच्या मॉल्टच्या गोड पाण्याचा, वास येतो का बघत होतो. वेडेपणाच.

ती काढली ए. ई. क्रॉसने, १८९२ साली. हा माणूस मॉन्ट्रियलचा, शिकलेला जनावरांची डॉक्टरकी. १८८४ मध्ये कॉक्रेन रँचवर आला तो ढोरांचा डॉक्टर आणि हिशेबनीस म्हणून. पुढे स्वतःची रँच केली. या मुलखात तोवर परवान्याशिवाय दारूला बंदी होती. ती उठली आणि याने ब्रुअरी टाकली. रेल्वे १८८३ लाच आली होती, बार्ली आसपास पिकत होती. तेव्हा गावात चार हजारही माणसं नव्हती. १९११ पर्यंत ती त्रेचाळीस हजारांवर गेली, आणि माणसं वाढली की बिअर खपतेच. १९१२ चं पहिलं स्टँपीड, म्हणजे इथली काउबॉयांच्या खेळांची जत्रा, भरवायला चार धनिकांनी मिळून एक लाख डॉलरची हमी दिली, त्यात हा एक. १९१६ ते १९२४ पुन्हा दारूबंदी आली, ती ब्रुअरीने सॉफ्ट ड्रिंकवर काढली. ते मात्र मला मनापासून आवडतं. टाक्या त्याच, बाटल्या त्याच, हात तेच. १९६१ मध्ये ती कॅनेडियन ब्रुअरीजने घेतली आणि शेवटी मोल्सन या बिअर कंपनीच्या काळात कुलूप लागलं.

हे सगळं सांगतोय कारण मला क्रॉसचा हेवा वाटतो. ढोरांच्या डॉक्टरला बिअर करू दिली आणि बिअर करणाऱ्या मला कुणी फर्मेंटरजवळ, बिअर आंबवायच्या टाकीजवळ, उभं करेना. आपली पदवी इथल्या बरोबरीची ठरवून घ्यायला मार्कशीट युनिव्हर्सिटीकडून थेट, सीलबंद पाकिटात यायला हवी होती. मावसभाऊ बिचारा चार वेळा खिडकीवर जाऊन उभा राहिला. पाकीट आलं, तर शिक्का फ्लॅपच्या जोडावर नाही म्हणून परत. सात महिने गेले. पदवी बरोबरीची ठरली तोवर ती कुणाला नकोच होती. सगळे विचारत, कॅनेडियन अनुभव किती? मी आता पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. पगार बरा आहे.

तुझ्यासाठी एक फरक आहे. २०१३ च्या अखेरीस अल्बर्टाने, म्हणजे कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्याने, ब्रुअरीला किमान उत्पादनाची घातलेली अट काढली, त्यानंतर छोट्या ब्रुअऱ्या भराभर निघाल्या. तिथे काम मिळतं, पण सुरुवात केग, म्हणजे बिअरची पिंपं, उचलण्यापासून आणि टाकी धुण्यापासून. आठ वर्षांची क्वालिटी बाजूला ठेवायची तयारी असेल तर ये. वहिनींना हे आधी सांग, विमानात नको.

एकटेपणाचं विचारलंस. होतं. जानेवारीत जास्त होतं. पुढे.

शाळेचं मात्र सांगतो, अजून सलतं ते. मुलगा सहा वर्षांचा होता. बाराखडी येत होती, गोष्टी लावून वाचायचा. महिन्याभरात शाळेने ठरवलं, भाषेत मागे आहे. वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेऊ लागले आणि आम्हाला सांगितलं, घरी इंग्रजी बोला. आम्ही बोललो! शाळेला काय दोष द्यायचा, त्यांनी नुसतं सांगितलं, ऐकलं आम्ही. वर्षभरात तो आजीशी फोनवर 'हो', 'बरं' यापुढे जाईना. आई विचारायची, तो रागावलाय का माझ्यावर? मी म्हणायचो, दमलाय गं, शाळा असते. ती गेली तेव्हाही तिचा तोच समज होता की काय, मला ठाऊक नाही.

तुझी मुलगी चौथीत आहे, तिची मराठी मुरलेली असेल. तिला कुणी काही म्हटलं तरी घरात मराठीच बोला. पाकिटंही निघायच्या आधीच दोन-तीन काढून ठेव, शिक्का जोडावर मारून घे.

मुलगा आता एकोणीसचा आहे. गेल्या महिन्यात स्वतःच्या पैशांनी मला इंगलवूडमधल्या एका छोट्या ब्रुअरीत घेऊन गेला. बाबा, तुम्ही तिकडे नक्की काय करायचात, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी मॉल्टपासून सुरुवात केली. म्हटलं, मटकी भिजवून मोड आणतो ना आपण, तसंच बार्लीला आणायचे, मग भट्टीत वाळवायचं. मटकी त्याला कळली. मोड म्हणजे काय, ते विचारलं त्याने.